थ्रेशोल्ड लावायचाय? आधी सरासरी विसरा

थ्रेशोल्ड म्हणजे ज्या आकड्यापलीकडे गेलं की अलर्ट वाजतो ती मर्यादा. ॲपवर नजर ठेवायला लावलेला माझा पहिला थ्रेशोल्ड सरासरीवर होता: रिस्पॉन्स टाइम (रिक्वेस्टला उत्तर मिळायला लागणारा वेळ) सरासरी १ सेकंदाच्या वर गेला की अलर्ट. लोक 'ॲप अडकतंय' म्हणून ओरडत होते आणि माझा डॅशबोर्ड हिरवागार! शेवटी कागदावर हिशोब मांडला. १०० रिक्वेस्टपैकी ९० ना २०० मिलिसेकंद आणि १० ना तब्बल ८ सेकंद लागले, तरी सरासरी येते ९८० मिलिसेकंद. म्हणजे दर दहावा माणूस ताटकळतोय आणि अलर्ट गप्प. ९५वा पर्सेंटाइल, म्हणजे १०० पैकी ९५ रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत पूर्ण होतात तो आकडा, पाहिला असता तर सरळ ८ सेकंद दिसले असते.

म्हणून आधी निदान दोन आठवडे नुसतं मोजा. सोमवार सकाळची गर्दी आणि रात्रीचा बॅकअप, दोन्ही त्यात यायला हवेत. मग लॉगिन, सर्च, रिपोर्ट यांना वेगवेगळे आकडे द्या. रिपोर्टला ५ सेकंद चालतात, लॉगिनला नाही. नेटवर्कचा राउंड ट्रिप टाइम (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ) आणि सर्व्हरचा वेळ वेगळा नोंदवा, नाहीतर दोन टीम एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

पातळ्या दोनच ठेवा: वॉर्निंग आणि क्रिटिकल. वॉर्निंग नेहमीच्या आकड्याच्या थोडी वर, क्रिटिकल ग्राहकाशी केलेल्या करारातल्या मर्यादेच्या आत. एका उसळीवर फोन वाजवू नका; सलग ५ मिनिटं ओलांडली तरच.

उपलब्धतेचं गणित सोपं आहे: ९९.९ टक्के म्हणजे ३० दिवसांत ४३ मिनिटं बंद चालतं. त्यातली निम्मी मिनिटं संपली की मी नवीन रिलीज थांबवतो, मग कोणी कितीही नाक मुरडो.