कोकणात कड्यावरून चालायला निघालात? मराठवाड्याच्या माणसांनो, या चुका टाळा

पहिली चूक मी लातूर सोडण्याआधीच केली. मेहुण्यांनी विचारलं, "पाणी किती घ्यायचं?" मी म्हणालो, "बेचाळीस अंशात लग्नाच्या पंगती उठवणारी माणसं आपण, तेहतीस अंशांचं काय घेऊन बसलात?" तिघांत मिळून एक लिटरची एकच बाटली घेतली.

रत्नागिरीहून समुद्राच्या कडेकडेने गणपतीपुळ्याकडे जाताना आरे आणि वारे ही दोन गावं लागतात. मधे डोंगर आहे. त्यावरून वळणं घेत रस्ता जातो आणि वरून दोन्ही बाजूंच्या पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे, दिसतात. रस्ता गाड्यांचाच आहे, पण चालायला सुरेख. अंतर म्हणाल तर आपल्याकडे शेताला चक्कर मारावी एवढं. तरी साडेदहाला निघालेलो आम्ही बाराच्या सुमारास एका वाडीच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टेकून बसलो होतो आणि मेहुण्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. वाडीतल्या मावशींनी तांब्या भरून विहिरीचं पाणी दिलं, मग मीठ घातलेलं कोकम सरबत. दहाच्या पुढे आम्ही सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर, गुरंसुद्धा ठेवत नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

ऊन आपल्यासारखं वागत नाही

आपल्याकडची हवा कोरडी. घाम आला की लगेच उडतो, अंग निवतं. समुद्रकाठी हवेतच एवढी वाफ असते की घाम उडतच नाही, नुसता निथळतो. अंग थंड होत नाही आणि मीठ मात्र भराभरा जातं. त्यात दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, म्हणून ऊन लागतंय हे कळतच नाही. संध्याकाळी मान आणि कान हुळहुळायला लागले की कळतं. माणशी दोन लिटर पाणी घ्या, त्यातल्या एका बाटलीत मीठ, साखर, लिंबू घाला. सड्यावर सावली नसते आणि पावसाळा सरला की पाणीही नसतं.

गोळे आलेच तर पाय जोरजोरात चोळत बसू नका. सावलीत बसा, पाय सरळ करून पंजा हळूच स्वतःकडे ओढा आणि मिठाचं पाणी घोटघोट प्या. चक्कर, मळमळ किंवा बोलण्यात गोंधळ वाटला तर चालणं तिथेच संपलं. अंग ओलं करा, वारा घाला आणि 112 ला फोन करा.

रात्रभर गाडीत बसून सकाळी थेट चालायला लागणं ही याचीच जोडचूक. रत्नागिरी-नागपूर महामार्ग नांदेड, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर असा थेट येतो, त्यामुळे "रात्री निघू, सकाळी पोचू" असं सहज ठरतं. पोचा, पण त्या दिवशी झोपा.

"जाताना वरून, येताना खालून"

सगळ्यात धोक्याची चूक हीच, आणि ती आपल्या नद्यांनी आपल्याला शिकवली आहे. मे महिन्यात मांजरा ओलांडताना चप्पलसुद्धा काढावी लागत नाही. सकाळी कोरडं ते संध्याकाळीही कोरडं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. कड्याच्या पायथ्याशी सकाळी खडकांमधून छान वाट दिसते. ती दुपारी नसते.

समुद्राला दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, मधे साधारण सव्वासहा तास. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम बारावा हिस्सा, म्हणून माणूस गाफील राहतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी चढतं.

वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून गावात विचारून खात्री करा. आपली माणसं अंगारकीला पुळ्याला जातात, दर्शन आणि फराळ उरकून तीनच्या ठोक्याला समुद्रावर उतरतात. म्हणजे बरोबर भरतीच्या तोंडावर, आणि पौर्णिमा नुकतीच झालेली असल्याने पाण्याला जोरही असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात. या भागात पाण्यात उतरून माणसं गेलेली आहेत, पाटी लावलेली असेल तर ती आपल्यासाठीच आहे.

खालच्या खडकांत अडकलातच तर पोहत वळसा घालायचा विचार करू नका. कडाही चढू नका. पाण्याने भिजल्याची रेघ खडकावर दिसते, तिच्या वरची जागा गाठून तिथेच थांबा. तटरक्षक दलाचा नंबर 1554 आहे.

खाडीचंही तेच. मोबाईलवर पलीकडचं गाव दोन बोटांवर दिसतं, मधली निळी रेघ आपण ओढा समजतो. ती खाडी असते. चिखलात गुडघाभर पाय जातो आणि वर भरती. पूल किंवा तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, कुठे आहे ते आधी विचारा.

दगडावर विश्वास

आपला दगड काळा, घट्ट. त्याच्या टोकावर उभं राहून फोटो काढायची सवय आपल्याला अजिंठ्या-वेरुळाकडे लागलेली. कोकणातल्या सड्यावर जांभा असतो, लाल आणि भोकाभोकांचा. त्याच्याखाली मऊ माती असते. पाऊस आणि लाटा ती खालून पोखरतात आणि वरचा दगड छज्जासारखा पुढे राहतो. आपण उभे असतो त्याच्याखाली काही आहे की नाही, हे वरून दिसत नाही. काठापासून दोन-तीन माणसांच्या लांबीएवढं अंतर ठेवा. सुट्ट्या जांभ्याचे बारीक खडे उतारावर ज्वारीच्या दाण्यांसारखे पायाखालून सरकतात, त्यामुळे गुळगुळीत तळव्याची चप्पल नको. खाली खडकांवर कालवं, म्हणजे एक प्रकारचे शिंपले, चिकटलेली असतात, ती ब्लेडसारखी कापतात.

पावसाळ्यात शेवाळ असतं. जून ते सप्टेंबर काठावर जाऊच नका, विषय संपला.

सड्यावर चालताना पायाखालीही बघा. रत्नागिरी परिसरातल्या कातळांवर माणसं, प्राणी, भौमितिक आकृत्या कोरलेल्या आहेत. ही कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. फोटोत उठून दिसावं म्हणून त्यांत खडू किंवा चुना भरणारे महाभाग असतात. आपण त्यातले नको.

वाडीतून वाट जात असेल तर बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, उघडल्यावर परत लावा, नाहीतर गुरं बागेत शिरतात. आणि खाली पडलेला आंबाही कुणाचातरी असतो.

सूर्यास्त बघून परत

नांदेडपेक्षा रत्नागिरी चार रेखांश पश्चिमेला, म्हणून तिथे सूर्य साधारण पाव तास उशिरा मावळतो. हा पाव तास फुकटचा वाटतो. पण मावळल्यावर अंधार भराभर पडतो, रस्त्याला वळणं, गाड्यांचे दिवे डोळ्यांवर आणि काठाची बाजू काळी. आम्ही दुसऱ्या दिवशी शहाणपणा करून संध्याकाळी निघालो आणि बॅटरी खोलीवर विसरलो. मोबाईल फोटो काढूनच संपलेले. शेवटचा उतार तिघे एकमेकांचा खांदा धरून, डोंगराच्या बाजूने, आंधळ्या कोशिंबिरीसारखे उतरलो. खाली रिक्षा नव्हती. परतीची रिक्षा निघतानाच ठरवायची असते आणि रिक्षावाल्याचा नंबर कागदावर लिहून घ्यायचा असतो.