वरचा कापूस बघू नका: मायनर लीगमधला तरणा आऊटफिल्डर कसा पारखायचा

धरणगावच्या एका जिनात मी एकतीस वर्षं कापसाची प्रत लावली. गाडी काट्यावर आली की शेतकरी वरचा पांढराफेक थर उचलून दाखवायचा आणि मी कोपरापर्यंत हात आत घालायचो. वर पहिल्या वेचणीचा माल, खाली कवडी, ओलं, कधी तर रात्री पाणी मारलेलं. शेतकऱ्याला तरी काय दोष द्यायचा, त्याच्या वर्षभराच्या कष्टाचा भाव आमच्या एका नजरेवर ठरायचा. नोकरी संपली, पण हात आत घालायची खोड काही गेली नाही. हल्ली ती बेसबॉल बघताना कामाला येते.

2023 च्या उन्हाळ्यात लेकीकडे होतो, नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमला. नातू मला डरहॅम बुल्सच्या मैदानावर घेऊन गेला. हा संघ ट्रिपल-एचा, म्हणजे मेजर लीगच्या (तिकडच्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगच्या) एकच पायरी खालचा, मेजर लीगमधल्या टॅम्पा बे रेज क्लबच्या पदरचा. मेजरच्या खालच्या सगळ्या पायऱ्या म्हणजे मायनर लीग. मैदानाला लागून तंबाखूच्या जुन्या कारखान्याच्या लाल विटांच्या इमारती आहेत. बघून आपल्या जिन-प्रेसची गोदामंच आठवली. त्या संध्याकाळी एका लेफ्ट फिल्डरनं दोन होमरन मारले. (लेफ्ट, सेंटर, राइट फिल्डर हे लांब भिंतीकडे उभे राहणारे तिघं आऊटफिल्डर, आणि होमरन म्हणजे आपल्या षटकारासारखा भिंतीपलीकडे गेलेला चेंडू.) मी नातवाला छातीठोकपणे सांगितलं, "हा पोरगा वर्षभरात वर दिसेल बघ." नातवानं मोबाइल उघडला. "आबा, हा 27 वर्षांचा आहे. आणि ट्रिपल-एमधलं त्याचं हे तिसरं वर्ष आहे." शिवाय एक होमरन डाव्या कोपऱ्यातून गेलेला. तिथली निळी भिंत 32 फूट उंच असली तरी अंतर जेमतेम 305 फूट. थोडक्यात, मी वरचा थर बघून भाव बोललो होतो.

तेव्हापासून आधी वय बघतो, मग पायरी, आणि मगच बाकीचे आकडे. पायऱ्या सोप्या आहेत. 2021 च्या फेररचनेनंतर मेजर लीगच्या 30 क्लबांचे प्रत्येकी चार असे 120 संघ झाले: खालून वर सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. त्यांच्याही खाली फ्लोरिडा आणि ॲरिझोनातल्या कॉम्प्लेक्स लीग आणि डॉमिनिकन समर लीग. सिंगल-एमध्ये साधारण वीस-एकवीसची पोरं, डबल-एमध्ये तेवीस-चोवीसची, ट्रिपल-एमध्ये त्याहून मोठी. आता हिशोब करा. डबल-एमध्ये 20 वर्षांच्या पोराचं ॲव्हरेज (बॅटिंगच्या प्रयत्नांमागे हिटचं, म्हणजे फटका मारून बेस गाठण्याचं प्रमाण) 0.255 आहे आणि सिंगल-एमध्ये 25 वर्षांच्या गड्याचं 0.320. मी डोळे झाकून पहिल्याला घेईन. तो आपल्यापेक्षा तीन-चार वर्षं मोठ्या पिचरांसमोर (चेंडू टाकणाऱ्यांसमोर) तग धरून आहे, दुसरा लहान पोरांना बदडतोय.

ट्रिपल-एमध्ये वर्षानुवर्षं राहिलेला गडी म्हणजे आपली फरदड. कपाशी वेचून झाली, तरी उपटायची नाही, पाणी देऊन आणखी बोंडं घ्यायची. कापूस निघतो, नाही असं नाही. पण धागा आखूड, आणि बोंडअळीची सोय होते ती वेगळीच.

दोन टोकांची उदाहरणं ध्यानात ठेवा. मायकेल जॉर्डन बास्केटबॉल सोडून 1994 मध्ये बर्मिंगहॅम बॅरन्सकडून डबल-एमध्ये आऊटफिल्डर म्हणून खेळला. 127 सामने, ॲव्हरेज 0.202, 3 होमरन, 30 बेस चोरल्या (फटक्याची वाट न बघता पळून गाठल्या), 114 वेळा स्ट्राइकआऊट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद. लोक हसले. पण शाळेनंतर बेसबॉल न खेळलेल्या माणसानं थेट डबल-एमध्ये 51 वॉक घेतले (चार वाईट चेंडू सोडले की पहिली बेस फुकट मिळते, तो वॉक), हे मला तरी थोडं वाटत नाही. खरी अडचण वयाची होती, तो 31 वर्षांचा होता. दुसरं टोक हुआन सोटो. 2018 च्या हंगामाची सुरुवात त्यानं सिंगल-एमध्ये केली, डबल-एमध्ये फक्त 8 सामने खेळला आणि 20 मेला, वयाच्या 19 व्या वर्षी, मेजर लीगमध्ये उतरला. त्या वर्षी 116 सामन्यांत 22 होमरन मारले. मी मात्र त्याचे 79 वॉक आधी सांगतो.

कारण हात आत घालायची जागा हीच: स्ट्राइकआऊट आणि वॉक. बॅटिंग ॲव्हरेज म्हणजे काट्यावरचं गाडीचं वजन. त्यातली रुई किती आणि सरकी किती, ते जिनिंग झाल्यावर कळतं. क्विंटलभर कापसातून 33-35 किलो रुई निघते, बाकीचं बहुतेक सरकी. तसं पोराच्या दर शंभर पाळ्यांमागे किती वेळा स्ट्राइकआऊट आणि किती वेळा वॉक, एवढं काढा. मेजर लीगमध्ये साधारण शंभरात 22 स्ट्राइकआऊट आणि 8 वॉक असतात. हाय-एमध्येच कोणी तीसच्या वर जात असेल तर वरचा पिचर त्याला गिळणार, होमरन कितीही असोत. पंधरा-सोळा स्ट्राइकआऊट आणि दहा वॉक असतील तर सावरून बसा.

हे आकड्यात दिसतं, पण खरं कळतं ते डोळ्यांनी. स्लायडर (ऐन वेळी बाजूला वळणारा चेंडू) बाहेर पळत असताना पोराचा पुढचा पाय कुठे पडतो? कंबर आधीच फिरून गेली का? दोन स्ट्राइक झाल्यावर बॅट थोडी आखडती घेतो, की तोच आडवा दांडपट्टा चालू? आपल्याकडे टेनिस बॉलच्या टुर्नामेंटमध्ये ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू कोणी सोडला तर बाहेरून शिव्या पडतात, म्हणून सोडण्याची कदर आपल्या डोळ्याला नसते. ती मुद्दाम लावून घ्यावी लागते. मी एक संध्याकाळ तरी पोराच्या मारलेल्या चेंडूंकडे लक्षच देत नाही, फक्त सोडलेले मोजतो.

एक पथ्य मात्र पाळा. स्ट्राइकआऊट जास्त दिसले म्हणून लगेच माल परत पाठवू नका. ॲरन जज 2016 मध्ये वर आला, 27 सामन्यांत 42 वेळा स्ट्राइकआऊट झाला, ॲव्हरेज 0.179. पुढच्याच वर्षी 52 होमरन मारले. स्ट्राइकआऊट तेव्हाही 208 होते, पण सोबत 127 वॉक होते. म्हणून गेल्या वर्षीचा आणि यंदाचा आकडा शेजारी-शेजारी लिहा. नवीन पायरीवर पहिले दोन महिने अडखळला आणि नंतर स्ट्राइकआऊट कमी होत गेले, तर तो पोरगा शिकतोय. दर पायरीला आकडा वाढतच चालला, तर पिचर त्याला शिकलेत.

नशीबही वजा करा. होमरन आणि स्ट्राइकआऊट सोडून जे चेंडू मैदानात पडतात, त्यातले साधारण शंभरात तीस हिट होतात. कोणाचे चाळीस होत असतील तर पुढच्या वर्षी ते खाली येणार, हे धरूनच चाला. पाय फार वेगवान असतील तर दोन-चार जास्त सोडून द्या. आणि साठ पाळ्यांवर बोलूच नका. स्ट्राइकआऊटचा आकडा दीड-दोनशे पाळ्यांनंतर बोलायला लागतो, ॲव्हरेजला अख्खा हंगामही पुरत नाही.

मैदानाचा ओलावा तपासा. कापूस ओला असला की वजन वाढतं, तसं ट्रिपल-एच्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये होमरनचं वजन वाढतं. अल्बुकर्कीचं मैदान समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर आहे, हवा विरळ, चेंडू उडतच जातो. रेनोलाही तेच. घरच्या मैदानावर 18 आणि बाहेर 5 होमरन असं दिसलं तर बाहेरच्या पाचांवर भाव लावा.

ताकदीसाठी मी होमरन मोजतच नाही, बॅटवरून चेंडू किती वेगानं सुटतो ते बघतो. ट्रिपल-ए आणि फ्लोरिडातल्या सिंगल-ए लीगचे हे आकडे कोणालाही फुकट बघता येतात. ताशी 95 मैल, म्हणजे 153 किलोमीटरच्या वर सुटलेला चेंडू कडक धरतात. विशीतल्या सडपातळ पोरानं ताशी 110 मैलांचा एखादा जरी मारला असेल तर ती ताकद अंगात आहेच. मग ती जमिनीवर आपटत असली तरी चालेल. चेंडू वर कसा उचलायचा हे शिकवता येतं, इतका जोर अंगात भरता येत नाही. तरण्या पोराच्या डबल, म्हणजे दोन बेस मिळवून देणाऱ्या हिट बघा. आज भिंतीला लागणारे चेंडू अंग भरल्यावर भिंतीपलीकडे जातात.

पायांसाठी स्टॉपवॉच पुरे. बॅटला चेंडू लागल्यापासून पहिल्या बेसवर पाय पडेपर्यंतची वेळ घ्या. अंतर 90 फूट. उजव्या हाताच्या बॅटरला 4.3 सेकंद आणि डावखुऱ्याला 4.2 म्हणजे सरासरी. पोरगा जीव तोडून पळतोय अशाच वेळी मोजा, नाहीतर तुम्ही त्याचा आळस मोजाल. आळस मात्र वेगळ्या रकान्यात जरूर लिहा.

आता फिल्डिंग. मोबाइलवर ही बघता येत नाही, हे आधीच कबूल करतो. कॅमेरा चेंडूमागे जातो आणि आऊटफिल्डरचं पहिलं पाऊल कधीच दिसत नाही. मैदानात असाल तर होमप्लेटमागची (बॅटरच्या पाठीमागची) महागडी खुर्ची घेऊ नका, आऊटफिल्डजवळ बसा आणि पिचर चेंडू टाकत असताना तुमच्या पोराकडेच बघा. बॅटचा आवाज यायच्या आत त्याचं वजन पंजांवर आलेलं असतं का? पहिलं पाऊल बरोबर दिशेला पडतं का? धावत जाऊन झेप घेतली की टाळ्या पडतात, पण चांगला सेंटर फिल्डर झेप घेतच नाही, तो आधीच तिथे उभा असतो. थ्रोचा जोर राइट फिल्डमधून तिसऱ्या बेसपर्यंत बघा, आणि चेंडू मधल्या कटऑफवाल्याच्या (थ्रो मधेच घेऊन पुढे देणाऱ्याच्या) छातीवर जातो की डोक्यावरून, तेही.

यातून ठरतं की तो कुठे खेळेल, आणि बॅटकडून किती मागायचं ते त्यावरच ठरतं. सेंटर फिल्ड पेलणारा पोरगा सरासरी बॅटवरही पोट भरतो. लेफ्ट फिल्डवाल्याला मारावंच लागतं, दुसरा इलाज नाही. म्हणून विशीतल्या सेंटर फिल्डरच्या मांड्या आणि खांदे बघा. अजून भरणार असेल तर पाच वर्षांनी तो कोपऱ्यात सरकेल, आणि आज पुरेशी वाटणारी बॅट तिथे कमी पडेल.

दुखापतींचा रकाना मी पूर्वी ठेवत नव्हतो. बायरन बक्सटन या सेंटर फिल्डरनं ठेवायला लावला. 2012 च्या ड्राफ्टमध्ये (क्लब पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात) दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला, वाऱ्यासारखा पळणारा, 2017 मध्ये 140 सामने खेळून फिल्डिंगचा गोल्ड ग्लोव्ह मिळवला. त्यानंतर थेट 2024 उजाडलं तेव्हा कुठे पुन्हा शंभर सामने झाले.

हे सगळं एका चिठ्ठीवर उतरवा. तिकडचे पारखी 20 ते 80 अशी मोजणी लावतात, 50 म्हणजे मेजर लीगची सरासरी. हिटिंग, ताकद, धाव, थ्रो, फिल्डिंग असे पाच रकाने, प्रत्येकात दोन आकडे: आजचा आणि पुढे होईल असं वाटतं तो. डबल-एमधल्या चांगल्या पोराचं हिटिंग आज 35 आणि पुढे 50, असं लिहायला लाजू नका. दुसरा आकडा लिहिताना मात्र कारण लिहा. "चेहरा चांगला वाटला" हे कारण नव्हे, आणि मी ते एकदा लिहिलेलं आहे.

चुकणारच हेही धरा. 2009 च्या ड्राफ्टमध्ये एंजल्स क्लबकडे निवडीच्या लागोपाठ दोन पाळ्या होत्या, 24 वी आणि 25 वी. दोन्हींवर त्यांनी आऊटफिल्डर घेतले. आधी रँडल ग्रिचक, मग माईक ट्राउट. ग्रिचकही पुढे मेजर लीगमध्ये खेळला, माल खोटा नव्हता. पण ट्राउट 19 व्या वर्षी वर पोचला आणि पुढे तीनदा एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वांत मोलाचा खेळाडू झाला. पगारी पारख्यांचं असं होतं, तर आपल्या चिठ्ठीचं काय घेऊन बसलात.

इथे रात्रीच्या मॅचेस पहाटे साडेचारच्या सुमाराला लागतात. मे महिन्यात खान्देशात अंगाला गार लागणारी तेवढीच एक वेळ, म्हणून गच्चीवर चहा घेऊन बसतो. गल्लीतला सॉफ्टबॉल खेळणारा एक पोरगाही येतो. परवा डबल-एमधल्या एका 21 वर्षांच्या सेंटर फिल्डरनं लागोपाठ तिसरी हिट मारली, तसा तो उठून उभा राहिला. "आबा, तुमले काय वाटस, हाऊ पोऱ्या वर जाई का?" म्हटलं, "वरना कापूस दखू नको भो, हात खाले घाल." मग दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठ्या लिहिल्या. त्यानं हिटिंगला पुढचे 60 दिले, मी 45. माझं कारण असं की डावखुऱ्या पिचरांसमोर पोराचे स्ट्राइकआऊट दुप्पट होतात. त्याचं कारण त्यानं मला दाखवलं नाही. दोन्ही चिठ्ठ्या जुन्या नमुन्यांच्या डब्यात टाकल्यात, सप्टेंबरात हंगाम संपला की उघडायच्या.