शाळा ऐकत नसेल तर तक्रार कशी करायची

मुलाचा सातवीच्या सहामाहीचा विज्ञानाचा पेपर मी फायलीत जपून ठेवलाय. शेवटचे तीन प्रश्न कोरे, त्याआधीच्या उत्तराची ओळ तिरकी होत खाली घसरलेली. तीच उत्तरं घरी त्यानं मला तोंडी धडाधड सांगितली. अध्ययन अक्षमतेचं (म्हणजे वाचन-लेखन फार जड जातं याचं) प्रमाणपत्र शाळेत देऊन चार महिने झाले होते, पण जादा वेळ काही मिळाला नाही. बाई म्हणाल्या, "दहावीला बोर्ड देतंच की सवलत, तेव्हा बघू."

चार महिने मीही नुसती तोंडीच बोलत होते, ही माझी चूक.

पहिला अर्ज मुख्याध्यापकांना द्यायचा. मी आधी तीन पानं रडगाणं लिहिलं होतं. नवऱ्यानं वाचून विचारलं, "यात मागितलंयस काय?" मग एका पानावर आणलं: इयत्ता, प्रमाणपत्राची तारीख, कुठल्या परीक्षेत काय नाकारलं आणि काय हवंय. 'सहकार्य करावे' असं मोघम नको. 'प्रत्येक लेखी परीक्षेत जादा वेळ व लेखनिक' (मुलानं सांगितलेलं लिहून देणारा) असं लिहा. खाली दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधल्या कलम 16 आणि 17 चा उल्लेख करा. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं 17 मध्ये आहे. "आम्ही विनाअनुदानित" असं ऐकवतील. ऐकून घ्या आणि 16 दाखवा: त्यात सरकारमान्य शाळाही येतात.

दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. आमच्या क्लार्कनं "मॅडम रजेवर आहेत" म्हणून हात वर केले. मी तिथूनच पोस्टात गेले, स्पीड पोस्ट केलं आणि पावती अर्जाला टाचली.

पंधरा दिवसांत उत्तर द्या, असं मी अर्जातच लिहिलं होतं. ते आलं नाही. मग सगळ्या प्रती जोडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार केली. मूल 6 ते 14 वयाचं असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडेही (महापालिका, जिल्हा परिषद वगैरे) तक्रार करता येते. निर्णयाला तीन महिन्यांची मुदत आहे, अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे.

त्याच्याही पुढे पुण्याचे राज्य दिव्यांग आयुक्त. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं यासाठी त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. दिव्यांग हक्क कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड आहे, तो त्याच कायद्याच्या कलम 89 मध्ये.

आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. माझ्या तक्रारीवर काय कारवाई झाली, एवढंच मी शिक्षणाधिकारी कार्यालयाला माहितीच्या अधिकारात विचारलं. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. उत्तरासोबत शाळेला गेलेल्या पत्राची प्रत आली.

वार्षिक परीक्षेत विज्ञानाच्या दिवशी वर्ग रिकामा झाल्यावरही तो अर्धा तास लिहीत होता.