मॉडबसवर आकडे येतात, पण खोटे? या चुका टाळा

मॉडबस या औद्योगिक उपकरणांच्या संपर्क-पद्धतीने जोडलेलं उपकरण उत्तर देतंय, सीआरसी (संदेश शाबूत आला का ते तपासणारा आकडा) जुळतोय, स्क्रीनवर आकडाही दिसतोय. बरेच जण इथेच काम संपलं असं धरून चालतात. पण सीआरसी एवढंच सांगतो की वाटेत बिट बिघडले नाहीत. १९७९ साली मॉडिकॉन कंपनीने पीएलसीसाठी (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक नियंत्रकांसाठी) आणलेल्या या प्रोटोकॉलमध्ये रजिस्टर, म्हणजे किंमत ठेवायचा कप्पा, निव्वळ १६ बिटांचा. ते व्होल्ट की तापमान, पूर्णांक की फ्लोट (दशांश संख्या), हे त्या उपकरणाच्या मॅन्युअलमध्येच शोधावं लागतं.

पहिला घोळ पत्त्याचा. मॅन्युअलमध्ये ४०००१ छापलेलं असतं, तारेवरून मात्र पत्ता ० जातो. सुरुवातीचा ४ म्हणजे होल्डिंग रजिस्टर, फंक्शन कोड (काय वाचायचं ते सांगणारा आकडा) ०३. ३ असेल तर इनपुट रजिस्टर, कोड ०४. काही सॉफ्टवेअर १ स्वतःच वजा करतात, काही ते तुमच्यावर सोडतात. मग एका फेजच्या जागी शेजारच्या फेजचं व्होल्टेज दिसतं, आणि दोन्ही २३०च्या आसपास असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो फ्लोट. ३२ बिटांची किंमत दोन रजिस्टरांत विभागलेली असते. एका रजिस्टरमधला वरचा बाइट आधी पाठवायचा हे मॉडबसने ठरवलंय. दोन रजिस्टरांपैकी आधी कोणतं, हे ठरवलेलं नाही. २३०.० ही किंमत १७२५४ आणि ० अशी येते. क्रम उलटा लावलात तर उत्तर इतकं सूक्ष्म निघतं की स्क्रीनवर ०.०० दिसतं, आणि माणसं पॅनेल उघडून वायरिंग तपासत बसतात. त्याआधी कच्चे आकडे पाहा. १ ते १००० मधल्या फ्लोटचं वरचं रजिस्टर १६२५६ ते १७५३० या पट्ट्यात येतं. असा आकडा दुसऱ्या जागी दिसला तर क्रम उलटा आहे. पट्ट्यातलं काहीच नसेल तर बाइटही उलटे असू शकतात, किंवा ती किंमत मुळात फ्लोटच नसेल. मीटरच्या डिस्प्लेवरचा आकडा शेजारी ठेवून ताडून पाहिल्याशिवाय मी तरी कोणत्याही मॅपिंगवर विश्वास ठेवत नाही.

शीतगृहाचं तापमान ६५४८.६ दिसतंय? ते उणे ५.० आहे. साइन्ड (उणे होऊ शकणारी) किंमत अनसाइन्ड (कधीच उणे नसणारी) म्हणून वाचली गेली: ६५४८६ वजा ६५५३६ म्हणजे उणे ५०, आणि स्केल ०.१.

विजेची युनिटं मोजणाऱ्या काउंटरची किंमतही दोन रजिस्टरांत असेल तर ती दोन्ही एकाच विनंतीत वाचा. वेगवेगळी वाचलीत आणि मधल्या क्षणी खालचं रजिस्टर ६५५३५ वरून ० झालं, तर रिपोर्टमध्ये अचानक खड्डा किंवा डोंगर उगवतो. तो रोज दिसत नाही, त्यामुळे सापडणंही अवघड.

एक्सेप्शन ०२ (उपकरणाने परत पाठवलेला चुकीचा कोड-संदेश) आला तर केबलला हात लावू नका. उपकरणाने तुमचं ऐकलंय, मागितलेला पत्ता त्याच्याकडे नाही इतकंच. अजिबात उत्तर नसेल तेव्हा मात्र बॉड रेट (संदेशाचा वेग), पॅरिटी (चूक ओळखणारा जादा बिट), स्लेव्ह आयडी (उपकरणाचा क्रमांक) आणि ए-बी या दोन संदेश-तारा तपासा. ए आणि बी ही नावं सगळे उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत, तेव्हा तारा अदलाबदल करून पाहायला हरकत नाही. १२० ओहमचं टर्मिनेशन (टोकाचा रोध) बसच्या, म्हणजे सगळी उपकरणं जोडणाऱ्या केबलच्या, फक्त दोन टोकांना लावायचं, प्रत्येक उपकरणाला नाही.

संपर्क तुटल्यावरही कित्येक स्काडा (आकडे गोळा करून दाखवणारी देखरेख सॉफ्टवेअरं) शेवटचा आकडा तसाच दाखवत राहतात. प्रत्येक किमतीसोबत शेवटच्या यशस्वी वाचनाची वेळ साठवा, आणि ती जुनी झाली की आकड्याचा रंग बदलेल अशी सोय करा.