फेअरट्रेडची कॉफी घेताय? या चुका टाळा

छोट्या शेतकऱ्यांच्या मालाला किमान भावाची हमी देणाऱ्या फेअरट्रेड संघटनेचा निळा-हिरवा शिक्का पुडीवर दिसला की आपण खुशीने जास्त पैसे मोजतो आणि शेतकऱ्याचं भलं केल्याच्या समाधानात घरी येतो. मीही बरीच वर्षं हेच केलं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शिक्क्यामागचा किमान भाव शेतकऱ्याच्या हातात पडतो असं समजणं. ऑगस्ट २०२३ पासून धुऊन वाळवलेल्या अरेबिका जातीच्या कॉफीला हा भाव पाउंडाला १.८० डॉलर, म्हणजे किलोला जेमतेम चार डॉलर आहे. पण हा भाव आहे जहाजावर चढलेल्या हिरव्या बियांचा, आणि तो मिळतो सहकारी संस्थेला. उसाची एफआरपी जाहीर होते आणि तोडणी-वाहतूक कापून बिल हातात येतं, तसंच हे. शेतकरी आणतो ती ताजी लाल फळं. किलोभर हिरव्या बिया निघायला पाच-सहा किलो फळं लागतात. मग सोलणं, वाळवणं, प्रतवारी, बंदरापर्यंतचं भाडं, संस्थेच्या कर्जाचं व्याज. एवढं वजा जाऊन उरेल ते सभासदांचं. वर पाउंडामागे २० सेंट प्रीमियम असतो, त्याचं काय करायचं ते संस्थेच्या सभेत ठरतं. त्यात भर म्हणजे संस्थेचा सगळा माल या भावाने खपत नाही. गिऱ्हाईक मिळालं नाही की तीच कॉफी बिनशिक्क्याची म्हणून बाजारभावाने जाते. म्हणून दुकानदाराला ‘भाव किती दिलात?’ असं विचारू नका, ‘बांधावर किती पडला?’ असं विचारा.

दुसरी चूक तेजीत होते. १९८९ मध्ये भाव टिकवण्यासाठी देशोदेशी ठरवून दिलेले कॉफी-निर्यातीचे कोटे कोलमडले आणि २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारातला भाव पाउंडाला ५० सेंटांच्या खाली गेला. तेव्हा १.२१ डॉलरचा किमान भाव हा खरा आधार होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तोच बाजार चार डॉलरच्या वर गेला, मग ‘आता कशाला हवा शिक्का?’ असं वाटू लागतं. पण तेजीतच संस्था अडचणीत येतात. करार आधीच्या भावाने झालेला असतो आणि गावातला व्यापारी दारात रोख मोजत असतो. सभासद तिकडे वळतो. त्याला बेइमान म्हणू नका, पोरांची फी संस्थेच्या हिशेबासाठी थांबत नाही.

सगळे शिक्के सारखेच, हाही गैरसमज. रेनफॉरेस्ट अलायन्स या दुसऱ्या संघटनेच्या बेडकाच्या शिक्क्यामागे किमान भावाची हमी नाही. फेअर ट्रेड यूएसए ही अमेरिकेतली संस्था २०११ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय फेअरट्रेड संघटनेतून बाहेर पडली आणि तिने मोठ्या मळ्यांनाही दार उघडलं. मूळ फेअरट्रेडमध्ये कॉफी फक्त छोट्या शेतकऱ्यांच्या संस्थांचीच चालते.

आणि उलटी चूक: शिक्का नाही म्हणजे पिळवणूक असणारच. कोडगू, चिकमगळूर, वायनाडमधले बहुतेक बागायतदार १० हेक्टरांच्या आतले. एकट्याला शिक्का मिळत नाही, आणि संस्था काढायची तर तपासणीची फी आणि कागदपत्रं आली. कित्येक जण तोडणीच्या मजुरीसाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतात आणि माल त्यालाच, त्याच्याच भावाने घालतात. अशाच बागेतून एखादा कॉफी भाजून विकणारा थेट, चांगल्या भावाने माल घेत असेल. मात्र ‘डायरेक्ट ट्रेड’ (थेट खरेदी) हे शब्द कोणीही छापू शकतो. गावाचं नाव, हंगाम आणि बांधावरचा भाव सांगता आला तर पुडी घ्या. आपल्या चिखलदऱ्याची थोडीफार कॉफी हाती लागली, तरी तिलाही हेच तीन प्रश्न.