तुळशीवरचा पिठ्या ढेकूण

तुळस मलूल दिसायला लागली तेव्हा वाटलं, पाणी कमी पडतंय. मंजिऱ्या खुडताना बोटांना चिकट लागलं. बघते तर पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके आणि खोडावर मुंग्यांची रांग. पिठ्या ढेकूण! त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या येतात, वर त्यालाच इकडून तिकडे नेतात.

काढ्याला पानं लागतात, म्हणून विषारी औषध नकोच. किडलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाकले. उरलेले पुंजके जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात बुडवून घासले. मग लिटरभर कोमट पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल नि थोडा लिक्विड सोप. ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारलं. दर आठवड्याला, चारदा. सासूबाईंनी टाकलेली राख मुंग्यांनी काही मनावर घेतली नाही. महिन्याभराने नवी पालवी फुटली. पानं मात्र अजून धुऊनच वापरते.