काकांची पिटिशन प्रलंबित असताना एफ-१ (विद्यार्थी) व्हिसा : या चुका टाळा

अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या काकांनी किंवा आत्याने आपल्या भावासाठी, म्हणजे अर्जदाराच्या वडिलांसाठी, आय-१३० पिटिशन (नातेवाइकाला कायमचे अमेरिकेत बोलावण्यासाठीचा अर्ज) भरलेली असते आणि ती घरातले बहुतेक जण विसरूनही गेलेले असतात. मुलाला तिकडच्या विद्यापीठाचा आय-२० (प्रवेशाचा दाखला) मिळाला, डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) भरायला घेतला, की तिची आठवण होते.

सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. ‘तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट पिटिशन दाखल केली आहे का?’ या प्रश्नाला, पिटिशन वडिलांच्या नावावर आहे असे म्हणून, ‘नाही’ असे उत्तर दिले जाते. आय-१३० मध्ये लाभार्थ्याच्या मुलांचीही नावे लिहिलेली असतात, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही. माझ्या मते ‘हो’ लिहून खालच्या चौकटीत कोणी, कोणासाठी आणि कोणत्या वर्षी अर्ज केला एवढे सांगावे. परतण्याचा हेतू पटला नाही म्हणून कलम २१४(ब) खाली नकार मिळाला तर पुन्हा अर्ज करता येतो. जाणूनबुजून महत्त्वाची माहिती लपवल्याचा ठपका बसला तर तो आयुष्यभर पाठ सोडत नाही.

व्हिसा हाती पडावा म्हणून काकांना पिटिशन मागे घ्यायला लावणे ही दुसरी चूक. ती भरली होती ही नोंद काही पुसली जात नाही, वडिलांची प्रायॉरिटी डेट (रांगेतली जागा ठरवणारी तारीख) मात्र हातची जाते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसात स्थायिक होण्याचा हेतू चालतो, तसा तो एफ-१ मध्ये चालत नाही हे खरे; तरी प्रलंबित पिटिशन असलेला विद्यार्थीही शिक्षण संपवून परतण्याचा हेतू दाखवू शकतो, असे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शनात स्पष्ट केले आहे.

मुलाखतीत पिटिशनचा विषय निघाला की गडबडून परतण्याचा पुरावा म्हणून सातबाऱ्याचे उतारे पुढे करण्यात अर्थ नाही, कारण ते बहुधा कोणी पाहतही नाही. भावंडांच्या एफ४ प्रवर्गात भारतीयांना १५ वर्षांहून अधिक काळ थांबावे लागते, आणि पिटिशन मंजुरीसाठी जितका काळ पडून होती तितका, वडिलांचा नंबर लागेल तेव्हाच्या वयातून वजा केल्यावरही मुलगा २१ वर्षांच्या आत बसला, तरच त्याला वडिलांबरोबर ग्रीन कार्ड मिळू शकते. वयाचा हा हिशेब आधी घरी करून पाहावा. बसत नसेल, तर ‘ती पिटिशन वडिलांसाठी आहे, माझे वय त्यात बसणार नाही’ हे दोन वाक्यांत सांगून पुन्हा अभ्यासक्रमाकडे, फीच्या तरतुदीकडे आणि परतल्यावरच्या कामाकडे वळता येते.